सहा कुप्यांचा हिशेब

1 जून 2021 रोजी दिल्ली उच्च न्यायालयापुढे असा एक प्रश्न उभा राहिला, जो कोणत्याही न्यायासनापुढे येऊ नये असेच वाटते. करोनातून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस या बुरशीने गाठले होते आणि तिच्यावरचे अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध देशभर अपुरे पडत होते. ते आधी कोणाला द्यावे? निवड करावीच लागणार असेल तर तरुणांना अग्रक्रम द्यावा, वृद्धांचे आयुष्य जगून झाले आहे, अशा आशयाचे मत न्यायमूर्तींनी मांडले. निर्णय क्रूर आहे हे त्यांनीही लपवले नाही. त्याच दिवसांत महाराष्ट्रातही डॉक्टरांची चिठ्ठी हाती घेऊन नातेवाईक दुकानामागून दुकाने पालथी घालत होते. राज्य शासनाने मे महिन्यात हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला. त्यामुळे पैशाची काळजी काहीशी हलकी झाली, पण औषधच नव्हते.

या बुरशीचे कण मातीत, हवेत, कुजक्या पाल्यात असतातच. धडधाकट माणसाला त्यांचा उपद्रव सहसा होत नाही. अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडांचा मारा, रक्ताचा कर्करोग यांनी जो खचला आहे, त्याच्या नाकातून ती शिरते, रक्तवाहिन्या बंद पाडते, टाळू आणि डोळ्यांकडे व पुढे मेंदूकडे सरकते. काळे दिसते ते मेलेले मांस असते. गाल दुखणे, दात हलणे, पापणी सुजणे, एकाचे दोन दिसणे ही तिची पहिली चाहूल. नाकातून काढलेला तुकडा तपासला तर रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे तंतू काही तासांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. पण ते पाहण्यासाठी आधी कोणाला तरी शंका यावी लागते. मेलेला भाग कापून काढावा लागतो, प्रसंगी डोळाही.

आता औषधाचा हिशेब पाहू. लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन शरीराच्या दर किलोमागे साधारण 5 मिलिग्रॅम द्यावे लागते. साठ किलोच्या माणसाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. त्याही रोज, आणि काही आठवडे. सर्वांना एकेक कुपी वाटणे न्यायाचे दिसते, पण त्याने कोणीच वाचत नाही. जुन्या पद्धतीचे औषध स्वस्त, पण ते मूत्रपिंडाला बाधते. मधुमेहाने ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकली आहेत, त्यांना नेमके महागडेच लागते.

तेव्हा निवड टळत नाही, हे आम्ही मान्य करतो. बुरशी मेंदूपर्यंत पोहोचली काय, मृत भाग काढता येईल काय, साखर आटोक्यात येते काय, हे प्रश्न आजाराविषयीचे आहेत. डॉक्टरांनी ते विचारलेच पाहिजेत, आणि वयामुळे शरीर उपचार पेलणार नसेल तर तेही पाहावे. परंतु ‘याचे जगून झाले’ हे वाक्य आजाराविषयीचे नाही. ते माणसाची किंमत करते, आणि ते आम्हांला मान्य नाही.

पिंपरीत हे अधिकच खुपते. 1954 मध्ये येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तेथील डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन नावाचे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळते त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना असे पिंपरीवरूनच पडले. हॅमायसिन म्युकरवरचे औषध नव्हे, पण कूळ अॅम्फोटेरिसिनचेच. त्या काळी विशीत असलेले येथले कामगार 2021 मध्ये ऐंशीच्या घरात होते. इतरांची दुखणी बरी व्हावीत म्हणून ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांनाच रांगेत मागे सरकवायचे?

कोणी म्हणेल, दोघांची वाचण्याची शक्यता सारखी असेल, एक ऐंशीचा आणि दुसरा चाकणच्या कारखान्यातला तिशीचा, दोन लेकरांचा बाप, तर? आमचे उत्तर समाधानकारक नाही: चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठी आंधळी असते खरी, पण ती कोणालाही कमी लेखत नाही. आता तो म्हातारा स्वतःच म्हणाला की, माझ्या कुप्या त्या पोराला द्या, तर गोष्ट वेगळी. ते त्याचे दान होय. मात्र डॉक्टरांनी ते तत्काळ स्वीकारावे काय, येथे आम्ही अडखळतो. घरात आपण ओझे झालो आहोत असे ज्याला वर्षानुवर्षे वाटत आले, तोही हेच म्हणेल, आणि खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला या दोहोंतला फरक कसा कळावा?