तर्फेचं नाव

कागदावर 'मौजे वडगाव' एवढं स्वच्छ होतं. पुढे तर्फेसाठी, म्हणजे गावांच्या गटासाठी, लिहितात तो 'ता' होता, आणि त्यापुढची अक्षरं घडीवर झिजून गेली होती. जुना कागद पिढ्यान्‌पिढ्या उघडला-मिटला जातो, तेव्हा आधी घडी जाते. माझ्या कामाचं नाव नेमकं त्या घडीत होतं.

ज्या घरचा कागद होता, तिथल्या आजींनी विचारलं, "इंग्रजांना शरण आणलं तेच का हो आमचं वडगाव?" मी म्हणालो, "हो, तेच."

त्या 'हो'ने मला बरेच दिवस झोप लागू दिलेली नाही.

एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक, वडगाव रासाई, वडगाव आनंद, वडगाव निंबाळकर आहे. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. जुन्या कागदात पुष्कळदा नुसतंच 'वडगाव' असतं हेही ठाऊक होतं. त्यात लिहिणाऱ्या कारकुनाचा दोष नाही. त्याच्या मुलखात वडगाव म्हटलं की कुठलं ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. अडीचशे वर्षांनी कोणी परका येऊन वाचेल, यासाठी तो लिहीत नव्हता. परक्याला गाव ओळखायचं तर तर्फ हवी, परगणा हवा, शेजारची गावं हवीत.

मी काय केलं? घडीच्या कडेला एक उभी रेघ उरली होती. तिला मी 'ना'चा काना मानलं आणि 'नाणेमावळ' असं पुरं करून टाकलं. ती रेघ कशाचीही असू शकली असती. पण मला नाणेमावळ हवं होतं, कारण आजींना ते हवं होतं. जानेवारी १७७९मध्ये मराठ्यांनी कोंडलेल्या इंग्रज फौजेला वडगाव मावळला तह करावा लागला, हे त्या घरात सगळ्यांना माहीत. कागदावरचं साल होतं इहिदे सबैन मया व अलफ, म्हणजे शुहूर ११७१, इसवी सन १७७०-७१. तहाच्या कितीतरी आधीचं. कागदात लढाईचा शब्दही नव्हता. पाटीलकीच्या हक्काचा वाद होता. तरीही ते नाव उच्चारताच त्या खोलीत जो आनंद झाला, तो माझ्यामुळे झाला याचं मला सुख वाटलं. चुकीचं मूळ मला तिथे सापडतं. घाई हे निमित्त झालं.

आणि कागदाचा दुसरा बंद मी वाचलाच नाही. उत्तर मिळालं होतं, मग कशाला वाचायचा!

आजींनी वडगाव मावळला जाऊन तिथल्या ग्रामदैवताला, पोटोबा महाराजांना, नारळ वाढवला.

दुसरा बंद मी वर्षभराने उघडला, तोही दुसऱ्याच कामासाठी. त्यात महजराच्या, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या, साक्षी होत्या. मौजे होळचा मोकदम, मौजे कोऱ्हाळ्याचा मोकदम. कोऱ्हाळे एकच नाही, शिर्डीजवळही एक आहे. होळही एकाहून अधिक आहेत. एकट्या नावावर विसंबून पुन्हा तीच चूक झाली असती. पण होळ, कोऱ्हाळे आणि वडगाव एकमेकांच्या शेजारी बसतात ते नीरेच्या खोऱ्यात, बारामतीकडे. तिथलं वडगाव म्हणजे वडगाव निंबाळकर. नकाशावर बोट ठेवलं तेव्हा हात थंड पडला होता.

इथपर्यंतची चूक कदाचित क्षमेची असेल. वाचणारा चुकतो. पण त्यानंतर मी चौदा महिने गप्प बसलो. आजींना वाईट वाटेल, असं मनाला सांगत राहिलो. ते खरं नव्हतं. वाईट मला वाटणार होतं. माझ्या वाचनावर लोक विश्वास ठेवतात, तो जाईल ही भीती होती. मेलेल्या माणसांच्या साक्षी अडीचशे वर्षं तग धरून राहिल्या आणि त्या दाबून ठेवणारा मी जिवंत माणूस होतो. ज्यांनी त्या दिवशी गोतासमोर उभं राहून 'हे खरं' असं सांगितलं, त्यांचा मी अपराधी आहे. आणि आजींचा तर आहेच. त्या चौदा महिन्यांत त्यांचे गुडघे गेले. आता त्यांना एसटीचा प्रवास झेपत नाही.

गेल्या रविवारी दोन्ही बंद घेऊन त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, रेघेचं, न वाचलेल्या बंदाचं, गप्प बसल्याचंही. शेजारी बसलेला त्यांचा नातू काही बोलला नाही. आजी बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचा परत. पहिल्यापासून."

मी वाचायला लागलो. घडीपाशी आलो तेव्हा थांबलो आणि म्हणालो, "इथलं नाव गेलंय, आजी. मला वाचता येत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढचं वाचा."