पेटीच्या तळाशी पडलेली पुस्तके

यहूदाचा राजा योशीया याने आपल्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षी यरुशलेमेतील मंदिराची डागडुजी आरंभिली, तेव्हा मुख्य याजक हिल्कीया यास नियमशास्त्राचे पुस्तक सापडले, असे दुसरे राजे, अध्याय २२, यात आपण वाचतो. प्रिय वाचकहो, ते कोठे सापडले हे ध्यानात घ्यावे. ते शत्रूने पळवून नेले नव्हते. परमेश्वराच्या मंदिरातच होते, आणि याजकांची ये-जाही तेथेच होती. शाफान चिटणीसाने ते वाचून दाखविले मात्र, राजाने आपली वस्त्रे फाडली.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील आपल्या घरांतही अशी पुस्तके आहेत. आजोबा शास्त्रपाठक असतील, तर त्यांचे पवित्र शास्त्र व गीतांचे पुस्तक पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी असते; वर लुगडी व जमिनीचे कागद. ह्यात सारा दोष आळसाचा नव्हे. १९४८च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि गावकुसाबाहेरच्या लेकरांस तर शाळेचा उंबरठाच परका. देणारा पुस्तक देऊन गेला, पण वाचणारा घरात नव्हता. आता नातवंडे भराभर वाचतात. तरी पेटी उघडते ती रद्दीवाला दारी आला म्हणजे!

ते कागद विकण्यापूर्वी पंडिता रमाबाईंची हकीकत ऐकावी. १८७८ साली त्या कलकत्त्यास आल्या असता ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यात त्यांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट मिळाले. संस्कृतात त्यांची केवढी गती! तरी त्यांस त्यातील भाषा परकी व शिकवण परकी वाटली, आणि ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु त्यांनी ते टाकले नाही. पुढे विवाहानंतर आसामात सिलचर येथे राहत असता त्यांस आपल्याच पुस्तकांत एक लहानसे पुस्तक आढळले. ते बंगालीतील लूककृत शुभवर्तमान होते. ते तेथे कसे आले हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि ठेवणाऱ्याचे नाव आजही कोणी सांगू शकत नाही. त्यांनी ते आवडीने वाचले. पतीस त्यांचा हा ओढा रुचला नाही. १८८२ साली पती वारले, आणि १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथेच हकीकत संपती, तर आम्ही ती इतक्या आग्रहाने सांगितली नसती. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांनी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचले. हा मनुष्य स्वतःचे परिवर्तन होण्याआधीच उपदेश करीत असे. ते वाचून रमाबाईंस कळले की, आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळावयाचा आहे. आम्हां उपदेशकांस हे झोंबणारे आहे, आणि झोंबावे. पुढे त्यांनी खेड्यातील बायांस कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविले. १९२२ साली त्या निवर्तल्या, आणि १९२४ साली ते छापून निघाले.

कोणी म्हणेल, पुस्तक घरात आहे एवढे पुरे. ताप आला की ते उशाशी ठेवणारे लोकही आहेत. पण तो गंडा-ताईत झाला, वाचन नव्हे. उलट, नुसते वाचूनही भागत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८, यातील कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत होता, पण उलगडा होईना. फिलिप्पाने धावत जाऊन रथ गाठला व शेजारी बसून अर्थ सांगितला.

तेव्हा शास्त्रपाठक बंधूंनो, घरभेटीस जाल तेव्हा पेटी उघडावयास सांगा. वाळवी वा कसर लागली असेल तर पुस्तक झाडून सावलीत वाळवा व कडुनिंबाचा सुका पाला घालून ठेवा. रात्री जेवणे आटोपल्यावर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लूक, अध्याय १५, मोठ्याने वाचवा, आणि जुना शब्द अडेल तेथे तुम्ही सांगा. आजीस बहुधा ती गोष्ट तोंडपाठ असेल. मुलगी चुकली तर तीच दुरुस्त करील.