फळाची आशा

पांढरकवड्याकडे रोपवाटिकेत माझी हयात सागाचं बी रुजवण्यात गेली. सागाचं फळ टणक. आत चार कप्पे, तरी कधी एकही कोंब फुटत नाही. म्हणून बी रात्री भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं ८-१० दिवस. मग गादीवाफ्यावर पेरायचं. वर्षाने शेंडा-मुळं छाटून खुंट पावसाच्या तोंडावर जंगलात लावायचे.

तोडणीला ६०-७० वर्षं. नातू विचारतो, "आबा, मंग लावता कायले?"

गीता फळाची आशा सोडायला सांगते. मला वाटतं, आशाच नसती तर उन्हापाण्याचा हा खटाटोप कुणी केला असता? सोडायचा असतो तो फळावरचा हक्क. आशा मात्र नातवाच्या वाट्याची ठेवायची.

काल रात्री पुन्हा पोतं भिजत घातलं.