शून्याच्या वाट्याचा एक

अकरावीचा गणिताचा वर्ग झरी जामणीत असो की पुण्यात, एका ओळीवर तो हमखास अडतो: शून्याचं क्रमगुणित एक. पाचाचं म्हणजे ५×४×३×२×१, म्हणजे १२०. इथवर कुणाची तक्रार नसते. पण शून्यापाशी गुणायलाच काही नाही, मग हा एक आला कुठून? ‘तसं मानलंय’ एवढं सांगून फळा पुसला जातो. हे उत्तर मला आळशी वाटतं.

इ. स. ११५० मधल्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात, शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं आलटूनपालटून दिली तर मूर्ती किती होतील? ३६,२८,८००. आणि चार हातांच्या हरीच्या? २४. संध्येत केशवापासून कृष्णापर्यंत नावं घेणाऱ्यांना हा आकडा पाठच आहे. शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात, यावरूनच त्या चोवीस मूर्ती ओळखल्या जातात. एकसारखे अंक पुन्हा आले तर काय, हेही भास्कराचार्य सोडत नाहीत: २, २, १, १ यांच्या संख्या चोवीस नव्हे, सहाच.

गंमत पुढे आहे. राजवाड्याला आठ झरोके. एक, दोन, तीन असे उघडत गेलं तर प्रकार किती? उत्तर २५५. सगळे बंद, हा प्रकार त्यांनी धरलेला नाही. सहा अक्षरांच्या गायत्री चरणाचे प्रकार मोजताना मात्र एकही गुरू नसलेला, सर्वलघू चरण ते आवर्जून मिळवतात आणि ६४ भरतात. ही विसंगती आहे का? मला तसं वाटत नाही. प्रश्न झरोके उघडण्याचा होता. एकही उघडला नाही तर मोजायचं काय? गुरू नसलेला चरण मात्र चरणच असतो, म्हणताही येतो.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. त्याच सिंघणाच्या पदरी हिशेबाचं काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वरांच्या ५०४० ताना. त्यांतली अमुक तान कितवी, हे सगळ्या न लिहिता सांगणारा ‘खंडमेरू’ नावाचा तक्ता त्यात आहे. दरबारी हिशेबनिसाला शोभेल असंच काम!

क्रमगुणिताची उद्गारचिन्हाची खूण फार उशिरा आली, १८०८ मध्ये, क्रिस्तियां क्राम्पकडून. तिच्या भाषेत शून्य गुरू नि सहा लघूंचा तो सर्वलघू चरण मांडला तर ६! भागिले (०! × ६!) असं होतं. उत्तर एक यायचं, तर ०! एकच हवं. उलटं उतरूनही तेच: २४ ला ४ नं भागलं की ६, त्याला ३ नं भागलं की २, मग २ नं भागून १, आणि पुन्हा १ नं भागून १. पुढची पायरी शून्यानं भागण्याची, तिथे वाट खुंटते. ऑयलरनं १७२९ मध्ये अर्ध्याचंही क्रमगुणित काढलं, पायच्या वर्गमुळाच्या निम्मं, सुमारे ०.८८६. ऋण पूर्णांकांना मात्र त्याच्याही रीतीनं ते मिळत नाही.