लंबकाखालचा नट



वेदीमागच्या खोलीतले लंबकाचे घड्याळ तुम्ही पाहिले असेल. मुंबईतली नोकरी संपवून जुन्नरला परतलेल्या एका कुटुंबाने ते चर्चला दिले. तिकडे बरोबर चालायचे. इथे आठवड्याला चार मिनिटे मागे पडते. दर रविवारी मिस्सेआधी मी काटे पुढे सरकवतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

घड्याळाला चालवते ती स्प्रिंग. पण तिला मोकळे सोडले तर आठ दिवसांची चावी क्षणात उलगडेल. लंबक तिला आवरतो. तो एकदा जाऊन आला की चाकाचा एकच दाता सुटतो, आणि सुटताना लंबकाला हलकासा धक्का देतो. जाऊन-येऊन किती वेळ लागावा हे लंबकाच्या लांबीवर ठरते, चकती जड आहे की हलकी यावर नाही. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर असेल तर एक सेकंद. उन्हाळ्यात धातू वाढतो, घड्याळ मंदावते. शिवाय जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. इथे गुरुत्वाकर्षण मुंबईपेक्षा किंचित कमी, त्यातही दिवसाला काही सेकंद जातात.

१६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतील कायेनला गेला. विषुववृत्ताजवळच्या त्या गावी घड्याळ दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याने लंबकच आखूड केला. मी तत्त्वज्ञान शिकलेला माणूस, कारण आणि परिणाम यांवर परीक्षा दिलेली. तरी वर्षभर काटेच फिरवीत बसलो.

आपल्याकडे भाऊ नाताळला एकमेकांच्या घरी फराळ नेतात, अगदी मनापासून. मार्चमध्ये विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणे पुन्हा बंद. पाळी मात्र कागदावर कोणी लिहीत नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा, असे प्रभू येशू सांगतो. तिथे गेल्यावर पाण्याचेही बोलावे लागते. माझेही तसेच. सकाळी कोणावर तरी ओरडतो, संध्याकाळी माफी मागतो, पण रात्री दोनपर्यंत जागणे काही सोडत नाही.

शुक्रवारी चकतीखालचा नट थोडा वर फिरवला. पाव मिलिमीटरसुद्धा नाही. पुढच्या रविवारपर्यंत काट्यांना हात लावणार नाही. मिस्सा तुमच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे आठलाच सुरू होईल.

शनिवारी सायंकाळी ५ ते ६ पापनिवेदनासाठी चर्चमध्ये आहे. पाण्याच्या पाळीचा कागद करायचा असेल तर त्यानंतर दोघेही भाऊ माझ्या खोलीवर या. पेन मी देतो.

तुमचा,
फादर