पेपरात एक, मनात एक

दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. माझी भाची विज्ञानाचे पुस्तक घेऊन माझ्यापाशी बसली. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा दुसऱ्या भागातला पहिलाच धडा. त्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "मामू, हे पेपरात लिहिलं तर गुनाह नाही ना होत? अम्मी म्हणते, लिहायचं, पण मानायचं नाही."

मी हसून म्हणालो, "अम्मी बरोबर सांगते. मार्क घे आणि विसरून जा."

भाची समाधानाने गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. हे उत्तर मी पहिल्यांदा दिलेले नव्हते. पिंपरीतल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि दरवर्षी या धड्याच्या आधी हेच वाक्य म्हणत आलो. वर्गात मुसलमान मुले थोडी, पण हे वाक्य ऐकून सगळ्याच मुलांना हायसे वाटे. घरी तक्रार जात नसे, मौलानासाहेब नाराज होत नसत, निकालही चांगला लागे. सगळ्यांची सोय होत होती, आणि त्या सोयीची किंमत काय हे मी कधी विचारले नाही. आज तेच विचारायचे आहे. जी गोष्ट आपण खोटी समजतो ती मार्कांसाठी खरी म्हणून लिहायला मुलांना शिकवणे, हे नीतीला धरून आहे का?

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीरपणे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला हरकत घेतली. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिले. बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्यांना हा विषय मिळतो, पण दहावीनंतर आयटीआयला किंवा कॉमर्सला जाणाऱ्या मुलाला तो आयुष्यात पुन्हा भेटत नाही. तिकडे तुर्कस्तानने २०१७ साली हा विषय शालेय अभ्यासक्रमातून काढला, इराणमध्ये मात्र तो शिकवला जातो. म्हणजे घोळ धर्माधर्मांत नाही, प्रत्येक घरात आहे.

आधी हा सिद्धांत म्हणतो तरी काय, ते पाहू. कारण ज्याला नकार द्यायचा तो नीट समजून घेणे हीसुद्धा एक अमानत आहे.

आपल्या मोहल्ल्यांत कबुतरांचा शौक जुना आहे. लक्का, लोटन, गिरेबाज अशा जाती शौकीन लोक ओळखतात. चार्ल्स डार्विनने १८५९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा पहिल्याच प्रकरणात कबुतरांचीच चर्चा केली, आणि त्यात अकबर बादशहाच्या कबुतरखान्याचाही उल्लेख आहे. त्याचा मुद्दा साधा होता. कबुतरांच्या या सगळ्या जाती एकाच साध्या रानटी पक्ष्यापासून निघाल्या. तो पक्षी म्हणजे आपल्या इमारतींच्या डक्टमध्ये घरटी करणारा राखाडी पारवा. शौकिनाने दर पिढीला हवी ती पिसे, हवी ती चाल असलेली जोडी निवडली आणि शेकडो पिढ्यांत पारव्याचा लक्का झाला. चाकणच्या बाजारात येणारा कांदा पाहा. बियाण्यासाठी कोणता कांदा राखायचा हे शेतकरी निवडतो, आणि पुढच्या पिकावर त्या निवडीची छाप पडते.

डार्विन म्हणाला, निवडणारा माणूस नसला तरी निवड होते. कोणत्याही जातीत दोन जीव अगदी सारखे नसतात. त्यांच्यातले काही फरक पिल्लांत उतरतात. जितकी पिल्ले जन्मतात तितकी जगत नाहीत. भोवतालच्या परिस्थितीत ज्याचा फरक उपयोगी पडतो, त्याची पिल्ले जास्त उरतात. हे हजारो, लाखो पिढ्या चालले की जात बदलते. एकाच जातीचे दोन गट दीर्घकाळ वेगळे राहिले, तर त्यांच्या दोन जाती होतात. उर्दूत यालाच इर्तिका म्हणतात.

यात एकटा जीव आयुष्यात बदलत नाही, पिढ्या बदलतात. आजच्या माकडाचा माणूस झाला, असेही सिद्धांत म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी हे लांबचे चुलतभाऊ आहेत, दोघांचा पूर्वज एक होता, असे तो म्हणतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझीच्या पेशीत २४. एक जोडी गेली कुठे? आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले तेव्हा त्याच्या मध्यावर, एरवी फक्त टोकांना सापडणाऱ्या खुणा सापडल्या. दोन गुणसूत्रे टोकाला टोक जोडली गेल्याचा हा सांधा आहे. 'सिद्धांत' या शब्दाचा अर्थ 'अंदाज' असाही नाही. अनेक बाजूंनी तपासून उभे राहिलेले स्पष्टीकरण म्हणजे सिद्धांत.

आता आपल्या गावाकडे येऊ. पिंपरी ही मोटारींची नगरी म्हणून ओळखली जाते, पण तिच्या औद्योगिक इतिहासाच्या सुरुवातीलाच एक औषध आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि लवकरच पेनिसिलिन तयार होऊ लागले. लोक तिला 'एचए' म्हणतात. जुने वैभव आज राहिले नाही, तरी एचए कॉलनी म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारत नाही.

पेनिसिलिन एका बुरशीपासून मिळते. सुरुवातीची बुरशी फार थोडे औषध देई. १९४३ साली अमेरिकेतल्या पिओरिया गावी एका सडक्या खरबुजावर जास्त औषध देणारी बुरशी सापडली. तिच्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून तिच्यात फरक घडवले आणि दर पिढीतून सरस तेवढी राखली. उत्पादन हजारो पटींनी वाढले. म्हणजे कबुतर आणि कांद्याच्या बाबतीत झाले तेच बुरशीच्या बाबतीत झाले. उत्क्रांतीचे तत्त्व खोटे असते, तर हा कारखाना चाललाच नसता. मी त्याच्या भिंतीवरून रोज शाळेत जात होतो आणि वर्गात 'फक्त पेपरापुरते लिहा' म्हणत होतो.

औषध घेणाऱ्याच्या शरीरातही हेच तत्त्व चालते. पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच इशारा दिला होता की, औषध अपुरे घेतले तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. पुष्कळांना वाटते की जंतू औषधाला 'सरावतात'. तसे नसते. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने मखमलीच्या कापडाने जंतूंच्या वसाहतींचा ठसा एका बशीतून दुसऱ्या बशीत उमटवला आणि दाखवून दिले की, औषधाला न जुमानणारे थोडे जंतू औषध येण्याच्या आधीपासूनच तिथे असतात. औषध त्यांना घडवत नाही. ते बाकीच्यांना मारते आणि यांना मैदान मोकळे करून देते.

टीबीच्या गोळ्यांमागे हाच हिशेब आहे. टीबीच्या सुमारे दहा लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला दाद न देणारा असतो, सुमारे दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिनला. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू जवळजवळ अशक्य. म्हणून सुरुवातीला चार औषधे एकत्र देतात, आणि साध्या टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो.

माझा एक जुना विद्यार्थी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. त्याला टीबी झाला. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले आणि त्याने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी तो पुन्हा खाटेवर पडला, आणि आता नेहमीची औषधे लागू पडेनात. त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, बरं वाटत होतं. मग रोज कशाला घ्यायच्या?" उत्क्रांतीच्या प्रश्नाला या मुलाने माझ्या वर्गात पूर्ण मार्क मिळवले होते. नैसर्गिक निवडीची व्याख्या त्याला पाठ होती. ती आपल्याच छातीत चालू असेल, हे त्याच्या मनात आले नाही, कारण ती व्याख्या पेपरापुरती असल्याचे त्याला मीच सांगितले होते.

सगळा दोष मी माझ्या अंगावर घेत नाही. गोळ्या आणायला जायचे तर शिफ्ट बुडे, शिफ्ट बुडाली की त्या दिवसाचा पगार जाई. नुसते ज्ञान असून भागत नाही, वेळ आणि पैसाही लागतो. तरीही माझ्या वाट्याचा दोष उरतोच. नशिबाने पुढच्या उपचारांनी तो बरा झाला, पण त्यात त्याची नोकरी गेली.

तो बरा होऊन घरी आला तेव्हा एका ओळखीच्या सद्गृहस्थांनी मला ऐकवले, "तुमचा डार्विनच म्हणतो ना, दुबळा मागे पडतो." पुष्कळ दीनदार आई-वडिलांना भीती असते ती हीच. मुले हे शिकली तर दया-माया विसरतील, असे त्यांना वाटते. ही भीती मी हलकी समजत नाही, कारण या विचाराचा असा गैरवापर झालेला आहे. पण 'असे घडते' आणि 'असे घडावे' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पूर उताराकडे वाहतो हे शिकवले म्हणून वस्ती बुडू द्यावी असे कोणी म्हणत नाही. उलट उतार कळला तर बांध कुठे घालायचा हे कळते. माझ्या विद्यार्थ्याला वाचवले ते त्याच ज्ञानाने आणि दुबळ्याला मागे टाकायचे नाही या आपल्या निर्धाराने.

आता श्रद्धेकडे येतो. आपल्याकडे दोन पळवाटा आहेत. पहिली, 'हा काफिरांचा सिद्धांत, डोळे मिटा.' दुसरी, 'हे सगळे आमच्याकडे आधीच होते.' दुसरी वाट मला स्वतःला फार आवडायची. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिजने 'किताब अल्-हयवान' लिहिले, त्यात प्राणी एकमेकांवर कसे जगतात याची निरीक्षणे आहेत. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त खनिज, वनस्पती, प्राणी आणि माणूस अशी चढती साखळी मांडली. हे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण नैसर्गिक निवडीचा सिद्धांत यांतल्या कोणी मांडला नव्हता. जे त्यांनी म्हटले नाही ते त्यांच्या नावावर चढवणे हाही एक खोटेपणाच. त्यांच्याकडून घ्यायचे ते डोळे उघडे ठेवून पाहण्याचे धैर्य.

तिसरी वाट आपल्याच परंपरेत आहे. सिद्ध झालेली गोष्ट आणि धर्मवचनाचा वरवरचा अर्थ यांत विसंगती दिसली, तर त्या अर्थाकडे पुन्हा पाहावे, असे बाराव्या शतकात इब्न रुश्दने सांगितले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या हुसेन अल्-जिस्र या आलिमांनी डार्विनच्या मताबद्दल अशीच भूमिका घेतली. पुरावा पक्का झाला तर वचनाचा अर्थ त्या प्रकाशात लावता येईल, असे ते म्हणत. आजही मुस्लिम अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण इर्तिका पूर्णपणे स्वीकारतात, काही आदम अलैहिस्सलाम यांचा प्रश्न श्रद्धेसाठी राखून बाकीचे स्वीकारतात, काही नाकारतात. कोणाचे पटते हे प्रत्येकाने ठरवावे. पण न वाचता नाकारणे आणि न मानता लिहिणे, ही दोन्ही मला आता बेइमानी वाटते.

जो मुलगा पेपरात एक आणि मनात एक ठेवायला शिकतो, तो ते फक्त विज्ञानापुरते ठेवत नाही. उद्या तो गुणवत्ता तपासणीच्या कागदावर न तपासलेल्या मालासाठी सही करील, परवा नमाजही लोकांना दिसावी म्हणून पढेल. जीभ एक बोलते आणि दिल दुसरे, याला आपल्या धर्मात निफाक म्हणतात, आणि तो कुफ्राहून हलका मानलेला नाही. मुलांचा ईमान वाचवायला निघालेले आपण त्यांना नेमके तेच शिकवत असू, तर हा सौदा फार महागात पडला.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला बोलावले. तिला म्हणालो, "काल मी चुकीचं सांगितलं. लिहिशील ते समजून लिही. पटलं तर पटलं म्हण, नाही पटलं तर कुठे अडतं ते विचार. विचारणं गुनाह नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आदम अलैहिस्सलामचं काय, मामू?"

मी तिला वेगवेगळ्या अभ्यासकांची मते सांगितली, जशी आहेत तशी, माझे मत शेवटी आणि माझे म्हणून. तिची अम्मीही दारात उभी राहून ऐकत होती. ती पूर्ण राजी झाली असे मी म्हणणार नाही, पण तिने मध्ये टोकलेही नाही.

मग भाचीने पुन्हा पुस्तक उघडले. खिडकीबाहेर डक्टमध्ये पारवे घुमत होते. तिकडे बोट दाखवून तिने विचारले, "हाच का तो?"