वल्ह्यावरची नावे

दिवाळीच्या आधी आठवडाभर घरोघर उलथापालथ चालते. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, चिंचेने घासली जातात आणि त्यांच्यावर कोरलेली नावे वर्षातून एकदा उजेडात येतात. 'अमकीस आत्याकडून सप्रेम भेट' आणि त्याखाली साल. घरातली लहान मुलगी विचारते, "ही आत्या कोण?" आजी सांगू लागते आणि भांडी घासण्याचे काम अर्धा तास खोळंबते. मग घरातला कुणी व्यवहारी माणूस म्हणतो, "एवढा पसारा हवाच कशाला? मोडीत घाला की!" पितळ मोडीत घालता येईल हो, पण आत्याचे काय करायचे?

जुनी वस्तू जपावी की टाकावी, हा प्रश्न दिसतो जागेचा, पण असतो नीतीचा. ज्या वस्तूवर नाव आहे, ती वस्तू आपल्याकडे काही मागते. काय मागते, हे मला नीटसे उमगले ते एका भांड्यामुळे नव्हे, तर वल्ह्यामुळे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या इंग्लंडातील दोन विद्यापीठांची नौकाशर्यत पहिल्यांदा १८२९ साली हेन्ली येथे झाली. तिथल्या कॉलेजांचे आपापले नौकाक्लब आहेत आणि त्या क्लबांत एक जुनी रीत आहे. शर्यत गाजवली की एका वल्ह्याचे पाते रंगवायचे, त्यावर कॉलेजाचे चिन्ह काढायचे आणि सोनेरी अक्षरांत साऱ्या चमूची नावे लिहायची. आठ जण वल्ही मारणारे आणि नववा सुकाणू धरणारा, अशी नऊ नावे. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे वजनसुद्धा! मग ते वल्हे भिंतीवर चढते आणि पुन्हा कधी पाण्यात उतरत नाही.

ही रीत कळली तेव्हा मला प्रथम गंमत वाटली ती वजनाची. नंतर लक्षात आले की त्या वजनातच सारे मर्म आहे. होडीला माणसाची कीर्ती कळत नाही, भार कळतो. अमक्याने किती जोर लावला याची नोंद कुणालाच करता येत नाही. तो किती भार घेऊन बसला होता, एवढेच खात्रीने सांगता येते. नऊ जणांत कोण श्रेष्ठ, हे वल्ह्यावर लिहिलेले नसते. लिहिताही येणार नाही. आठांपैकी एकाने आपला जोर दाखवण्यासाठी तालाबाहेर हात मारला, तर होडी पुढे जायची ती डळमळते.

मी कादंबऱ्या लिहितो. आम्हा कादंबरीकारांचे नायकाशिवाय पान हलत नाही. शंभर माणसे गोष्टीत वावरली तरी वाचकाने एकाच्याच पाठीमागे जावे, अशी आमची सारी खटपट असते. वल्ह्यावरची ती नऊ नावे म्हणजे आमच्या धंद्याला मिळालेली चपराकच होय. तिथे गोष्ट आहे, पराक्रम आहे, नायक मात्र नाही.

आपल्याकडेही असा एक जुना क्लब आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इतिहास १८५४ पर्यंत मागे जातो. त्याचा बोट क्लब १९२८ साली सुरू झाला. २०२८ साली त्याला शंभर वर्षे पुरी होतील. मुळा-मुठेच्या काठावरचा हा क्लब विद्यार्थीच चालवतात. दरवर्षी त्यांचा नौकोत्सव होतो. त्याला ते 'रेगाटा' म्हणतात. लहान होड्यांचे नृत्य होते, होड्या बाणाच्या आकारात रांग धरतात, अंधार पडल्यावर मशाली नाचतात आणि काठावर पुणेकर कुटुंबे मुलाबाळांसह गर्दी करून बसतात. अशा क्लबाच्या शंभर वर्षांत किती फोटो, किती ढाली, किती पेले साठत असतील, याची कल्पना कुणालाही करता येईल.

मी कॉलेजात शिकलेलो नाही. त्यामुळे कुठल्याही कॉलेजाच्या भिंतीवर माझे नाव असण्याचा संभव नाही आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात डोळे ओले करण्याचा हक्कही मला नाही. पण बाहेरच्या माणसाला एक सोय असते. त्याला भिंतीवरची नावे दिसतात, तशी भिंतीवर नसलेलीही दिसू लागतात. होडी खांद्यावर घेऊन काठावर आणणारे कोण? तिची भेग बुजवणारा, पावसाळ्यात ती कोरडी ठेवणारा माणूस कोण? नवव्या नावाशी वल्हे थांबते. दहावे नाव कुठे आहे?

याच्या अगदी उलट अशी एक नोंदवही आम्हा नाशिककरांच्या परिचयाची आहे. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी जा. आपले गाव आणि आडनाव सांगितले की तीर्थोपाध्याय जाडजूड वही उघडतात आणि तुमचे पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, ते वाचून दाखवतात. त्या वहीत नाव लागायला काही जिंकावे लागत नाही. फक्त यावे लागते. राजाही येऊन नाव लिहून गेला आणि कर्ज काढून आईच्या अस्थी घेऊन आलेला शेतकरीही.

मग खरा न्याय कुठला, वल्ह्याचा की वहीचा? कुणी म्हणेल, वहीचा. सगळ्यांची नावे लिहा म्हणजे झाले. मला तसे वाटत नाही. सगळ्यांची नावे भिंतीवर लिहिली, तर भिंत भरेल पण वाचणारा उरणार नाही. वहीसुद्धा कुणी सबंध वाचत नाही; जो तो आपले पान तेवढे शोधतो. आणि पराक्रमाचा आदर करणे यात वाईट ते काय? पहाटेच्या थंडीत अंथरूण सोडून ज्यांनी हातांना घट्टे पाडून घेतले, त्यांची नावे चार दिवस अधिक चमकली तर चमकू द्यावीत. यादी किती लांब असावी, हा प्रश्नच नव्हे. ती कशी वाचावी, हा प्रश्न आहे.

एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. पाण्याची तिथे नेहमीच ओढ. त्या गावचा दत्तू बबन भोकनळ. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत आणि हाही त्यांच्या हाताखाली राबे. पुढे २०१२ साली तो सैन्यात गेला आणि तिथे प्रथम त्याच्या हाती वल्हे आले. आधी पाण्याची भीती वाटत होती, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकाशर्यतीत उतरला आणि तेरावा आला. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट २०१८ च्या आशियाई स्पर्धांची, इंडोनेशियातली. एकट्याच्या अंतिम शर्यतीत आजारी अंगाने उतरलेला दत्तू सर्वांच्या शेवटी आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या होडीत बसून त्याने सुवर्णपदक मिळवले. एका रात्रीत त्याच्या दंडात बळ आले असे नव्हे. त्या होडीत आणखी तिघे होते. नाशिककरांनी 'आपल्या दत्तूचे सुवर्णपदक' म्हणून आनंद केला आणि तो योग्यच होता. पण उरलेल्या तिघांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग. इंग्लंडातल्या त्या भिंतीवरच्या वल्ह्याने ही तिन्ही नावे दत्तूच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायला लावली असती.

ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा मुले खूश झाली. एकाने मात्र हात वर केला. तो अशाच एका कोरड्या गावाहून मामाकडे शिकायला आलेला. त्याने विचारले, "सर, त्याला आधीच कुणी होडीत का नाही बसवले?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. शर्यतीची एकट्याची होडी सुमारे आठ मीटर लांब असते आणि वजनाला जेमतेम चौदा किलो. धान्याच्या अर्ध्या पोत्याहून हलकी. पण ती खेड्यातल्या पोरापर्यंत पोचायला फार जड जाते. आमच्या नाशकात गंगापूर रस्त्याला गोदेच्या काठी केटीएचएम महाविद्यालयाचा बोट क्लब आहे, आणि तिथे मुले-मुली वल्ही मारायला शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्याच्या वाट्याला कॉलेजाआधी कुदळ येते, त्याला तो काठ कुठून दिसणार? दत्तूला वल्हे मिळाले ते सैन्याने दिले म्हणून. आपण सगळ्यांनी त्याला दिला तो अभिमान, आणि तोही तो जिंकून आल्यावर.

इथे मला स्मृतिचिन्हांचे मर्म सापडले असे वाटते. भिंतीवरचे वल्हे, कपाटातला पेला, फलकावरचे नाव यांकडे आपण मालमत्ता म्हणून पाहतो: हे आमचे, आमच्या कॉलेजाचे, आमच्या जिल्ह्याचे. वास्तविक ते मालकीचे खत नव्हे, ते कर्जरोखे आहेत. आपल्याकडे माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी मानला आहे. ती ऋणे फेडायची रीतही मोठी मार्मिक आहे. ऋषींचे ऋण ऋषींना परत देऊन फिटत नाही, अभ्यास करून फिटते. पितरांचे ऋण पुढची पिढी वाढवून फिटते. देणेकरी मागे बसलेला आणि भरणा मात्र पुढे करायचा! ज्या क्लबाच्या भिंतीवर शंभर नावे आहेत, त्याच्यावर शंभर जणांचे देणे आहे, आणि ते फिटायचे ते एकशे एकाव्या मुलाला होडीत बसवून.

त्याच हिशेबात आणखी एक धनको आहे. त्याचे नाव कुठल्याच वल्ह्यावर नसते. तो म्हणजे नदी. नौकाक्लबाची पहिली आणि सर्वांत जुनी ठेव पाणी ही होय. पुण्यात नदीच्या काठावर उभे राहावे तर जलपर्णी आधी डोळ्यांना दिसते आणि सांडपाणी नाकाला कळते. इथे गोदावरीला आम्ही प्रेमाने 'गंगा' म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' असे सांगून घराबाहेर पडतो आणि पाणवेलींकडे पाहून परत येतो. पेले घासून लख्ख करायचे आणि ज्या पाण्यावर ते मिळवले ते तसेच राहू द्यायचे, ही जपणूक म्हणायची की विसरणे? मुलांनी पुढे वल्ही कशात मारायची?

वल्हे मारणाऱ्याची बैठक मोठी चमत्कारिक असते. तो ज्या दिशेने जातो तिकडे त्याची पाठ असते. डोळ्यांसमोर असते ते फक्त कापून झालेले पाणी. नऊ जणांच्या होडीत पुढचे दिसते ते एका सुकाणूवाल्याला. आठवणी जपणाऱ्या समाजाचेही असेच असते. मागे पाहत बसणे हा त्याचा दोष नव्हे. मागचे पाणी पाहूनच होडी सरळ चालली की वाकडी, हे कळते. मात्र हात थांबता कामा नये आणि होडीत पुढे पाहणारा कुणीतरी हवा. आमचा रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती या बाबतीत शहाणा. त्याला दोन्हीकडे तोंडे आहेत.

तेव्हा जुन्या वस्तू टाकाव्यात, असे मी म्हणणार नाही. सगळ्याच ठेवाव्यात, असेही नाही. ज्या वस्तूची हकीकत सांगणारे माणूस आहे, ती ठेवावी. कुलूपबंद कपाटात नव्हे, मुलांचा हात पोचेल अशा जागी. मुलांनी नावे मोठ्याने वाचावीत, आणि नावे संपली की दहावा कोण होता, ते विचारावे. वर्गातल्या त्या मुलाला मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. तोवर एवढेच ठरवले आहे की सुट्टी संपली की वर्गाला गोदेच्या काठी न्यायचे, आणि क्लबातल्या कुणी परवानगी दिलीच, तर होडीत पहिल्यांदा त्याला बसवायचे.